चार नंबर कुठे गेली

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी आईला तीन गोष्टी बजावल्या. खाली वाकायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही आणि सहा आठवडे शिलाई मशीनला हात लावायचा नाही. पहिल्या दोन तिने निमूटपणे ऐकून घेतल्या. तिसरीवर म्हणाली, "मग हातांचं काय करू? खिशात घालून बसू?"

"टीव्ही बघा की," डॉक्टर म्हणाले. "थोडा थोडा. मधेमधे डोळे मिटायचे."

"बघू?" आई म्हणाली. पोहायला जा म्हटलं असतं तरी तिचा चेहरा याहून वेगळा झाला नसता.

शेजारी उभ्या असलेल्या लेकीला हसू आलं. आईच्या घरात टीव्ही वर्षानुवर्षं चालू होता, आणि आईने तो कधी पाहिला नव्हता, हे डॉक्टरांना कुठून ठाऊक असणार?

त्याचं असं होतं. आईचं मशीन खिडकीशी होतं, उजेडासाठी. तोंड खिडकीकडे, पाठ खोलीकडे. टीव्ही पाठीमागच्या भिंतीला. रोज संध्याकाळी साडेसहाला मालिका लागायची, आणि नेमक्या त्याच वेळी दुसऱ्या दिवशी द्यायचे कपडे संपवायचे असायचे. तेव्हा आई मालिका ऐकायची. बघायचे बाबा, आणि दिसेल ते तिला सांगायचे.

बाबा बसडेपोत टाइमकीपर होते. कुठली बस कधी आली, कधी सुटली, किती उशीर झाला, हे फाटकाजवळच्या केबिनमध्ये बसून लिहायचं, हेच काम त्यांनी तीस वर्षं केलं. मालिकेतली माणसंही त्यांनी तशीच लावून घेतली होती. घरातली म्हातारी आजी म्हणजे चार नंबर. "चार नंबर जुनी गाडी. हळू चालते, हात दाखवला की थांबते, पण आजवर एकदाही रद्द झालेली नाही." कारस्थानी काकू बारा नंबर, कारण ती कुठूनही निघाली तरी फिरून तिथेच यायची. धाकटा मुलगा सत्तावीस नंबर. तो कुठल्याच गोष्टीला वेळेवर पोचायचा नाही.

"आली बारा नंबर," बाबा सांगायचे. "दारात उभी आहे. तोंड वाकडं."

"घातलंय काय?"

"निळं."

"निळं म्हणजे कसलं निळं?"

"डेपोच्या फाटकासारखं."

"आणि बाही कशी आहे?"

"दोन आहेत."

बाबांकडे रंग तीनच होते. लाल, फाटकाचा निळा आणि 'बाकीचा'. एका वर्षी गिऱ्हाईक बायका मालिकेतल्या सुनेसारखा गळा मागायला लागल्या. आईने बाबांना विचारून विचारून, त्यांनी हवेत बोटाने काढून दाखवलेल्या आकृतीवरून तो कापला. त्या वर्षी आजूबाजूच्या निम्म्या बायकांच्या अंगावर जो गळा होता तो मालिकेत कुणीही, कधीही घातला नव्हता. तक्रार मात्र एकीनेही केली नाही.

बाबा आजारी पडले तेव्हापासून टीव्ही बंद होता. आजारपण आठ महिने चाललं. ते जाऊनही आता नऊ महिने झाले होते. लेक एका मोठ्या ग्रंथालयात सूची विभागात होती. आईच्या डोळ्यासाठी तिने तीन आठवड्यांची रजा काढली, आणि येताना नवा टीव्ही घेऊन आली. त्यावर मालिकेचे सगळेच्या सगळे भाग बघता येत होते. चार हजार नऊशेच्या वर. शिवाय मालिका अजून संपलेली नव्हती.

"एवढे?" आई म्हणाली. "आणि हे सगळं आपल्या घरात होऊन गेलं?"

तर प्रश्न असा होता, की सुरुवात कुठून करायची.

लेकीच्या दृष्टीने त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. पुस्तक पहिल्या पानापासून वाचतात. "पहिल्या भागापासून," ती म्हणाली. "रोज चार बघितले तरी..." तिने मनातल्या मनात भागाकार केला आणि पुढचं बोलली नाही.

"तोवर मी पुरायला नको का?" आई म्हणाली. "आणि पहिलं सगळं मला माहितेय गं. चार नंबरचा चष्मा हरवतो, तो बारा नंबरने लपवलेला असतो."

मावशीचा फोन आला तेव्हा तिने तिसरंच सांगितलं. मावशी आईची धाकटी बहीण. ती मालिका कधी चुकवत नसे आणि स्वतःचं मत सांगायचं तर मुळीच चुकवत नसे. "आजचा भाग लाव! मागचं काय उकरून काढतेस? मी आहे ना सांगायला. सत्तावीस नंबरची तिसरी बायको आता..."

"तिसरी?" आई किंचाळली. "दुसरीचं काय झालं?"

"बघ, म्हणूनच म्हणते, आजपासून लाव."

"नाही, नाही. दुसरी चांगली होती. तिचा आवाज गोड होता."

फोनवर त्यांचं अर्धा तास चाललं. लेक चहा करून घेऊन आली तरी दोघी सत्तावीस नंबरच्या दुसऱ्या बायकोवरच होत्या. फोन ठेवल्यावर आई बराच वेळ कपाची कड बोटाने पुसत बसली. मग म्हणाली, "मला एक दिवस बघायचाय."

"कुठला दिवस?"

"हे गप्प बसले होते तो."

लेकीला कळलं नाही. आईने सांगितलं ते असं. अकरा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मालिका लागली आणि बाबा काही बोललेच नाहीत. मागून नुसतं संगीत ऐकू येत होतं. आईने विचारलं, कोण आलं? उत्तर नाही. घातलंय काय? नाही. अहो, झोपलात का? तरी नाही. जवळजवळ सगळा भाग संपेपर्यंत ते तसेच बसून होते. "आणि मी मागे वळून बघितलं नाही. हातात कोट होता. काजं करत होते."

"त्यात काय एवढं, आई?"

"काही नाही. पण तिथून लाव."

"तारीख आठवते?"

"तारीख कशाला आठवायला हवी? कोट आठवतो." आई उठली आणि कपाटातून मापांच्या वह्या काढून आणल्या. "संगीताच्या बाईंचा राखाडी कोट. नऊ बटणं. इतकी बटणं कशाला, म्हटलं, तर म्हणाल्या, गाताना श्वास आत राहतो."

वह्यांमध्ये छाती, कंबर, खांदा, बाही आणि कपडा द्यायची तारीख असं सगळं ओळीने लिहिलेलं होतं. ग्रंथालयातसुद्धा लेकीने इतकी सरळ नोंद क्वचित पाहिली होती. राखाडी कोट चौथ्या वहीत सापडला. कोट द्यायचा होता त्याच्या आदल्या संध्याकाळचा भाग हवा होता. लेकीने तारखा जुळवून बघितल्या. दोन हजार एकोणऐंशीवा.

"उद्या दुपारी बघू," ती म्हणाली. "आता थेंब घालायचेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आडवी झाली होती तेव्हा लेकीने स्वयंपाकघरात बसून, कानात इयरफोन घालून, तो भाग आधी स्वतः बघितला. आईच्या डोळ्यांना किती वेळ ताण पडेल हे बघायचं, असं तिने स्वतःला सांगितलं होतं. खरं तर बाबा कशापुढे गप्प बसले असतील याची उत्सुकता तिलाही होती.

त्या भागात चार नंबर मरते. दुपारच्या उन्हात, खुर्चीत बसल्या बसल्या. घरात कुणाला बराच वेळ कळतच नाही. माणसं येतात, जातात, तिच्या समोरून पाण्याचा तांब्या उचलतात. पंधरा-सोळा मिनिटं कुणी बोलत नाही. मग सत्तावीस नंबर उशिरा घरी येतो, तिच्या पायाशी बसतो, आणि शेवटी एकच वाक्य बोलतो: "आजी गेली."

लेकीने ते बंद केलं आणि गॅसवर ठेवलेलं दूध उतू जाईपर्यंत तशीच बसून राहिली.

कारण चार नंबर मेलेली नव्हती. निदान या घरात तरी नव्हती. ती तिच्या स्वतःच्या लेकीकडे राहायला गेली होती. आई हे इतक्या वेळा बोलली होती की लेकीला ते घरातल्या एखाद्या नातेवाइकाबद्दल असावं तसं पाठ होतं. म्हातारी मुलीकडे जाऊन बसली ती बसलीच. नातवाच्या लग्नाला आली नाही. घराची वाटणी झाली तेव्हा आली नाही. आई मशीनवर बसून तिच्यावर चिडायची आणि बाबा मागून तिची बाजू घ्यायचे. "गुडघे दुखतात तिचे." "येणार होती, पण गाडी चुकली." एकदा तर त्यांनी तिला जिन्यावरून पाडून तिचा पाय दीड महिना प्लास्टरमध्ये ठेवला होता.

मावशीला फोन लावल्याशिवाय लेकीला राहवलं नाही. दार लोटून घेऊन तिने हळू आवाजात विचारलं.

 मावशी म्हणाली, "तुझ्या बाबांनी मला शपथ घातली होती. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी डेपोतून फोन केला. आमची आई जाऊन दहाच दिवस झाले होते. म्हणाले, तुझी बहीण काल पहिल्यांदा मशीनवर बसली होती, आणि मालिकावाल्यांनी नेमकी कालच म्हातारी मारली. मी सांगितलं नाही. मी म्हटलं, ती लेकीकडे गेली. आता तू तोंड सांभाळ."

"आणि तू सांभाळलंस? अकरा वर्षं?"

"मला कुणी कधी श्रेय देत नाही," मावशी म्हणाली. "पण मला वाटलं होतं महिनाभर चालेल. नंतर तो माणूस थांबेचना. मी एकदा म्हटलं, अहो, आता सांगून टाका, तर म्हणाले, आता कसं सांगू, परवाच तिचा पाय मोडलाय."

दोघी हसल्या. मग मावशीचा आवाज बदलला. "तू आता तिला ते दाखवू नकोस गं. काही म्हण, पण दाखवू नकोस."

लेकीलाही तेच वाटत होतं. बाबांचे कपडे देऊन झाले होते, डेपोची टोपी कुणीतरी आठवण म्हणून नेली होती. त्यांचं म्हणून घरात जे उरलं होतं ते आईच्या कानातच होतं, आणि त्यातलं एक मोठं थोरलं खोटं होतं. ते उसवणारी आपण कोण?

म्हणून दुपारी आई केस विंचरून, काळा चष्मा पुसून, खुर्ची टीव्हीसमोर ओढून तयार बसली तेव्हा लेक म्हणाली, "आई, तो भाग त्यांच्याकडे नाहीये. मधले काही गहाळ आहेत. पहिल्यापासून लावते ना. किंवा सत्तावीस नंबरच्या पहिल्या लग्नापासून?"

"नाही म्हणतेस?"

"नाही ना. मी सगळीकडे बघितलं."

"बरं," आई म्हणाली. तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला. "मग राहू दे."

"राहू दे म्हणजे? काहीतरी लावू या की."

"नको. काहीच नको."

ती रागावली नव्हती. राग असता तर लेकीला सोपं गेलं असतं. आईचे हात मांडीवर होते आणि अंगठ्याने ती तर्जनीच्या टोकावरचा सुईचा घट्टा चोळत होती. लेक तिच्या शेजारी जमिनीवर बसली.

"तुला तोच का हवा होता?"

आई खिडकीकडे बघत बोलली. इतक्या वर्षांची सवय. बोलायचं म्हणजे खिडकीकडे तोंड करून.

"माझी आई गेली ना, तेव्हा मी कुणाशी धड बोलत नव्हते. यांनी त्या दिवशी सकाळी डबा भरताना मला समजावायला घेतलं. वय झालं होतं, म्हणाले, हाल झाले नाहीत. खरंच तर होतं. मी काय म्हटलं माहितेय? म्हटलं, तुम्हाला काय त्याचं, तुमची एक गाडी गेली की पाठोपाठ दुसरी येते."

तिने मांडीवरचा चष्मा हातात घेतला.

"तीस वर्षं त्या माणसाने लोकांच्या गाड्या सांभाळल्या आणि मी असं बोलले. त्यांनी डबा उचलला आणि गेले. संध्याकाळी मालिका लागली आणि तोंडातून शब्द नाही. मी समजले. मनाला लागलंय. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा नेहमीसारखे बोलायला लागले, म्हणून मीही विषय काढला नाही. मग ते आजारी पडले. रोज वाटायचं, आज विचारते. की तेव्हा रागावला होतात का? पण रोज काहीतरी असायचं. औषधं, लघवीची पिशवी, येणारे-जाणारे." तिने चष्म्याच्या काडीची घडी केली, उघडली. "मला वाटलं, तो भाग बघितला तर कळेल. त्यात बोलण्यासारखं काही घडत असेल आणि तरी ते बोलले नसतील, तर रागावले होते. आणि काहीच घडत नसेल, नुसतेच सगळे बसलेले असतील, तर नव्हते. एवढंच."

लेकीला सकाळपासून वाटत होतं की आपण आईला एका दुःखापासून वाचवतोय. आणि आई अकरा वर्षं दुसऱ्याच दुःखापाशी बसली होती, एकटी, पाठ करून.

"भाग आहे," ती म्हणाली. "मी खोटं बोलले."

"माहितेय. खोटं बोलताना तू नाक खाजवतेस. नव्या डोळ्याने लख्ख दिसतं."

"बाबाही खाजवायचे."

"हो? मला काय ठाऊक," आई म्हणाली. "माझी पाठ असायची."

लेकीने तो भाग लावला.

आईला सुरुवातीलाच एक अडचण आली, आणि ती आधी दोघींच्याही लक्षात आली नव्हती. आई या सगळ्यांना आवाजावरून ओळखत होती. या भागात कुणी बोलतच नव्हतं.

"ही कोण?"

"बारा नंबर."

"ही? एवढीशी?" आई पुढे सरकली. "आवाजावरून मला वाटलं दाराएवढी असेल. आणि हे निळं आहे? हे निळं कुठेय, हा तर शेवाळी रंग! बाहीला चुण्या आहेत. अगं, केवढ्या चुण्या आहेत, आणि हे म्हणायचे दोन आहेत."

"दोन बाह्या आहेतच ना."

"गप्प बस. हा कोण आला?"

"थोरला. नऊ नंबर. तांब्या उचलून निघाला. गेला."

आपण कसं बोलतोय हे लेकीच्या कानावर पडलं. तिने पुढे काही सांगायचं टाळलं असतं, पण आई विचारत होती, आणि पडद्यावर माणसं येत होती.

मग खिडकीजवळची खुर्ची दिसली. उन्हाचा पट्टा, पांढरे केस, एका बाजूला कललेली मान, मांडीवर उघडे तळवे.

"आणि ही?" आई म्हणाली. "ही कोण बसलीये?"

लेकीने तोंड उघडलं. एवढंच सांगायचं होतं: चार नंबर. दोन शब्द. तिला ते बोलता येईनात.

"कोण गं? झोपलीये का?"

संगीत चालू होतं. बारा नंबर म्हातारीसमोरून गेली आणि पडदा ओढून गेली.

"अगं, तुला विचारतेय," आई म्हणाली, आणि लेकीकडे वळली.

तिने लेकीच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. एक डोळा अजून थोडा लाल होता. मग ती सावकाश पुन्हा टीव्हीकडे वळली आणि काही विचारायचं थांबली. पडद्यावर सत्तावीस नंबर आला. तो कोण हे लेकीला सांगावं लागलं नाही. तो धापा टाकत आला त्यावरूनच आईने ओळखला असावा. तो म्हातारीच्या पायाशी बसला, तिचा हात हातात घेतला, आणि म्हणाला, "आजी गेली."

"कुठे?" आईच्या तोंडून निघून गेलं.

तिने स्वतःच तोंडावर हात ठेवला. भाग संपला, नावं वर सरकायला लागली. लेकीने आवाज बंद केला.

"असंच विचारलं होतं मी," आई म्हणाली. "अगदी असंच. मी म्हटलं, कुठे? आणि हे किती वेळाने म्हणाले, लेकीकडे. राहायला. मला वाटलं, रागातच बोलताहेत, म्हणून शब्द तोडून बोलताहेत."

"शोधत असतील. कुठे पाठवावी ते."

"दुसऱ्या दिवशी म्हणाले, टीव्हीचा आवाज गेलाय, दुरुस्तीवाला मिळत नाहीये. तीन आठवडे! तीन आठवडे सगळी गोष्ट एकट्याने सांगितली. सगळ्यांची बोलणी स्वतः बोलले. बारा नंबरचा आवाज काढायचे तेव्हा माझे टाके वाकडे जायचे हसून." ती आता हसत होती आणि डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही हे विसरली होती. लेकीने तिच्या हातात कापसाचा बोळा दिला. "आणि आवाज परत आल्यावरसुद्धा कळलं नाही गं मला. मालिकेत म्हणायचे, आजी गेल्यापासून घर सुनं झालं. मी म्हणायचे, होणारच. एक गिऱ्हाईक बाई मापं देताना म्हणाली, बरं झालं, आजी सुटली बिचारी. मी म्हटलं, हो ना, त्या घरात कसलं सुख होतं तिला! ती बाई माझ्याकडे अशी बघायला लागली."

"आणि लग्नाला आली नाही म्हणून..."

"अगं, काय काय बोलले मी तिला! निगरगट्ट म्हटलं. मेलीला नातवाचं तोंड बघवत नाही म्हटलं." तिने बोळा डोळ्यावर दाबून धरला. "मेलीला."

 खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा कुणीतरी त्याला ओरडून वाट सांगत होता.

"म्हणजे रागावले नव्हते," लेक म्हणाली.

आईने त्यावर विचार केला. सोपं उत्तर मिळालं म्हणून लगेच घेऊन टाकणाऱ्यांतली ती नव्हती. कापडसुद्धा ती दोनदा मोजून मग कात्री लावायची.

"रागावले असतीलही. बोललेच होते मी तसं. पण रागावलेला माणूस एवढी खटपट करत नाही." आणि जरा थांबून म्हणाली, "मनात धरून ठेवलेला तर नाहीच करत."

लेकीने भागांची यादी पुन्हा पडद्यावर आणली. "आता पहिल्यापासून लावू? उद्यापासून? रोज दोन."

"नाही. याच्या पुढचा लाव."

"आता? तुझे डोळे..."

"बोळा आहे. मला तो बघायचाय. ती गेल्यावर दुसऱ्या दिवशी त्या घरात कोण काय करतं, ते. मला सांगितलं होतं ते वेगळं होतं ना. मला सांगितलं की चार दहाची गाडी होती, तिला खिडकीची जागा मिळाली, आणि सगळे सोडायला आले होते. बारा नंबरसुद्धा." ती खुर्चीत सरळ बसली. "ते चांगलंच होतं. पण आता हे बघते."

लेकीने दोन हजार ऐंशीवा लावला. सकाळ होती. स्वयंपाकघरात बारा नंबर भांडी घासत होती, आणि तीच तीच पुन्हा घासत होती. थोरला दाराशी जाऊन परत येत होता. मग सत्तावीस नंबर जिना उतरून आला. आज तो वेळेवर उठला होता आणि करायला काही नव्हतं.

"शर्ट बघ त्याचा," आई म्हणाली.

लेकीने बघितलं. तिला काही दिसलं नाही.

"बटणं एक घर चुकलीयेत. वरपासून खालपर्यंत. आणि घरात एवढी माणसं, कुणाच्या लक्षात नाही." आईने मान हलवली. "हे बरोबर दाखवलंय. असंच होतं."

नऊ महिन्यांपूर्वी, बाबा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, आपण कुठले कपडे घातले होते हे लेकीला आठवेना. पण आईने दुपारी तिला दारातून मागे बोलावलं होतं आणि एक शब्द न बोलता तिचा कुर्ता उलटा होता तो सुलटा करून घालायला लावला होता, हे आता आठवलं.

"थांबवू का?" तिने विचारलं. "जरा डोळे मिट."

"मी मिटते," आई म्हणाली, आणि मिटले. "तू नको थांबवू. सांग. कोण आलं?"

"बारा नंबर. चहा घेऊन."

"त्याच्यासाठी?"

"हो. समोर ठेवला. शर्टाकडे बघतेय आता."

"बघितलं ना तिने? हां," आई म्हणाली. "सांग पुढे."